सत्तर यंत्रांना माझा नकार

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि खोटं मला सोसत नाही. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो कुडव्यात, टेकचंदजींच्या राइस मिलच्या धर्मकाट्यावर. नऊ वर्षं धानाच्या गाड्यांची वजनं अचूक सांगितली. तेव्हा टेकचंदजी पाहुण्यांपुढे माझी तारीफ करत. नवा संगणक आला आणि मला पोत्यांमागे ढकललं. तो राग अजून गेलेला नाही.

मला तिथून उचललं त्यांच्या सुनेने, ओमेश्वरीने. ती परदेशी दुकानांसाठी साड्यांची नक्षी काढते आणि मोबदला एका आभासी नाण्यात घेते. या नाण्याचे व्यवहार मोठी यंत्रं पानापानाने लिहितात आणि दर पानामागे त्यांना पन्नास नवी नाणी मिळतात. पान नियमाला धरून आहे का, हे माझ्यासारखे हजारो साधे संगणक तपासतात. दोन वर्षं मी तेच केलं. तिची सारी कमाई त्या नाण्यांत होती.

नियमाप्रमाणे यंदा पन्नासाची पंचवीस व्हायची होती. पानं लिहिणारी ती मोठी यंत्रं टेकचंदजींच्या शेडमध्येही होती. इतर शहरांतले सोबती धरले तर शंभरातली सत्तर त्यांच्याच टोळीची. मिलवाल्यांच्या बैठकीत ज्याच्या मिली जास्त, तो भरडाईचा दर ठरवतो. इथेही तसंच चालेल असं समजून त्यांनी पन्नासच घ्यायचं ठरवलं. नाणी भरमसाट झाली तर सुनेच्या कमाईची माती होईल, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

ते तिच्याकडे आले आणि माझ्यात नवा नियम घाल म्हणाले. ती नाही म्हणाली.

"आमी शंभरात सत्तर आहो. तू कायले अडून राहिली?"

"मामाजी, साऱ्या मिली तुमच्या असल्या, तरी घेनारा तुटक्या कनकीले अख्खा तांदूळ म्हनन का?"

त्यांनी माझी वायर उपटली. मी मनातल्या मनात त्यांना खूप शिव्या दिल्या.

पुढचं मला नंतर कळलं. आठ दिवस त्यांची यंत्रं रात्रंदिवस तापली. मग ती नाणी विकायला काढली, तर एकही व्यापारी घेईना. प्रत्येकाच्या संगणकाने ती पानं फेटाळली होती. उरलेल्या तीस यंत्रांची पानं मात्र सगळीकडे मान्य होती. ओमेश्वरीची नाणी तिथेच सुखरूप होती. खरं सांगतो, त्या सत्तरांनी नियमात राहून कुणाचे व्यवहार अडवले असते, तर मी काही करू शकलो नसतो. पण नियम बदलायचा तर आम्हा तपासणाऱ्यांनी हो म्हणावं लागतं.

शेवटी टेकचंदजींनी स्वतः येऊन माझी वायर लावली. व्यापाऱ्यांचे संगणक बिघडलेत, अशी त्यांची समजूत होती. ओमेश्वरीने त्यांची पानं माझ्यापुढे ठेवली. मी लिहिलं, नामंजूर.

"एक डाव अजून तपास, बेटा," टेकचंदजी मला म्हणाले.

मी पुन्हा तपासलं. नामंजूर. ते खाली बसले. मला दया आली नाही.

मित्रांनो, खरं-खोटं तपासणारा एखादा तुमच्याही घरात असेल. त्याची धूळ पुसा, त्याला जपा. आणि तुमच्यावर वेळ आली की तो तुमची बाजू घेईल, या आशेने मात्र जपू नका.