तीनच्या खेळाला हाउसफुल

सरांना तिकीट मिळालं नाही, याचा सगळ्यात जास्त आनंद सरांनाच झाला होता.

त्यांचा फोन आला तेव्हा ती आरशासमोर उभी होती आणि तिची थोरली बहीण तोंडात टाचण्या धरून तिच्या जाकिटाची बाही आत घेत होती. संध्याकाळी टीव्हीवर मुलाखत होती. पलीकडून सर धापा टाकत बोलत होते. त्यांचा एक गुडघा कामातून गेलेला, दोन जिने उतरायचे म्हणजे त्यांना अर्धा दिवस लागायचा. तरी शेजाऱ्याला गळ घालून, टॅक्सी करून ते नाक्यावरच्या थिएटरात तीनच्या खेळाला गेले होते. खिडकीतल्या मुलीने नुसतं वर बोट दाखवलं. बोर्ड लागला होता. हाउसफुल. मग सर थोडा वेळ पायरीवर बसले आणि आले तसे परत गेले.

"खारू, मी म्हणायचो ना," ते म्हणाले, "एक दिवस तुझं काम बघायला मलाच जागा मिळणार नाही. आज नाही मिळाली. जिंकलीस."

खारू हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, ती त्यांच्या नाटकाच्या वर्गात नवी असताना एका जागी ठरत नसे म्हणून. पुढे ती नटी झाली, पण कसली, तर सिनेमात दार उघडणारी, ट्रे घेऊन येणारी, दवाखान्यात "डॉक्टर आत आहेत" एवढंच सांगणारी. लोक रस्त्यात तिच्याकडे बघत आणि आपण हिला कुठल्या लग्नात भेटलो होतो ते आठवत राहत. पंचेचाळिशी उलटल्यावर तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईची गोष्ट होती. सिनेमा मोठ्या कंपनीचा. आणि तो चालला. निदान कंपनी तसं सांगत होती. दर सोमवारी पेपरात पानभर जाहिरात यायची, तिचा चेहरा आणि बरोबर कपाळावर छापलेला कमाईचा आकडा. पहिल्या सोमवारी तो आकडा बघून बहिणीने शिलाईचं मशीन थांबवलं होतं, आणि ती सहसा आग लागली तरी मशीन थांबवत नाही.

सरांसाठी एक तिकीट मिळवावं म्हणून तिने कंपनीच्या कचेरीत फोन केला. तिथली मुलगी हसून म्हणाली की पूर्ण आठवडा भरलाय, आम्हालाच मिळत नाहीये. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपणही अजून लोकांत बसून आपला सिनेमा पाहिलेला नाही. पहिल्या दिवशीच्या खास खेळाला सगळी बोलावलेली माणसं होती, आणि बोलावलेली माणसं कशालाही टाळ्या वाजवतात. तिला खरी गर्दी बघायची होती. तिकीट काढून आलेली.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी तीनच्या खेळाला गेल्या. तिने डोक्याला रुमाल बांधला, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा चढवला. बोर्ड लागलेलाच होता. सिनेमा सुरू झाल्यावर ती दरवानाजवळ गेली, चष्मा काढला आणि म्हणाली की मला फक्त मागे उभं राहू द्या, पाच मिनिटं. दरवानाने तिला ओळखलं. आनंद व्हायच्या ऐवजी तो कावराबावरा झाला. मॅनेजर जेवायला गेलेत, तुम्ही उद्या या, असं काहीतरी पुटपुटायला लागला. बहिणीला असली पुटपुट सोसत नाही. तिने त्याला बाजूला सारलं आणि दार ढकललं.

आत पडद्यावर तिचाच चेहरा होता, भिंतीएवढा. तिचा सगळ्यात अवघड प्रसंग चालला होता, ज्याच्यासाठी तिने तीन दिवस धड जेवण घेतलं नव्हतं. तो चेहरा रडत होता आणि समोर एकही माणूस नव्हता. रांगांमागून रांगा, सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. थंड हवेचं यंत्रसुद्धा बंद होतं. कोंदट वास येत होता.

बहिणीने दोनदा इकडेतिकडे पाहिलं, जणू माणसं खाली वाकून बसली असतील.

मॅनेजर धावत आला आणि त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला त्याने आढेवेढे घेतले, पण बहीण दाराला पाठ लावून उभी राहिल्यावर त्याने सांगून टाकलं. दुपारच्या खेळांची सगळी तिकिटं कंपनीनेच विकत घेतली होती. या थिएटरात आणि आणखीही बऱ्याच ठिकाणी. पैसे आगाऊ आले. कॉम्प्युटरवर सगळ्या खुर्च्या विकलेल्या दिसतात, बोर्ड लागतो, बोर्डाचे फोटो निघतात, कंपनी कमाईचा आकडा वाढवून सांगते. गेल्या वर्षी थिएटर बंद करायची वेळ आली होती, नोकरांचे पगार थकले होते, तो नाही कसं म्हणणार. आणि फोटो बघून संध्याकाळी थोडेफार लोक खरेच येतात, असं तो खाली मान घालून म्हणाला.

"आणि दुपारी जे येतात त्यांचं काय करता?" तिने विचारलं.

"परत पाठवतो. विकलेली खुर्ची पुन्हा कशी विकणार, मॅडम?"

तिने सरांबद्दल विचारलं. काठी घेतलेले, उंच, पांढऱ्या दाढीचे. त्याला ते आठवत होते. ते पायरीवर बसले तेव्हा त्याने स्वतः त्यांना पाणी नेऊन दिलं होतं.

"पाणी दिलंत," ती म्हणाली. "आणि आत सगळं थिएटर रिकामं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे. तोवर तिला नुसती लाज वाटत होती, आपलीच काही लबाडी उघडी पडल्यासारखी. आता ती लाज जळून गेली.

तिथून ती तडक कंपनीत गेली. कंपनी बापाने काढलेली आणि आता मुलगा चालवत होता. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. तिच्याहून बराच लहान, बोलायला गोड, सगळ्यांसाठी स्वतः उठून दार उघडणारा. त्याने कॉफी मागवली. तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, नाकारलंही नाही, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. तिने आरोप करायचा आणि त्याने हवामानाबद्दल बोलल्यासारखी मान डोलवायची. त्याने समजावून सांगितलं की टीव्हीवाले आणि फोनवर सिनेमा दाखवणारे आकडा बघून भाव देतात, परदेशातले वितरक आकडा बघून सौदा करतात. सगळेच आकडा फुगवतात. आपण खरा सांगितला तर लोक त्यातूनही निम्मा वजा करतील आणि आपण बुडू.

"आकडा म्हणजे जाहिरातच, मॅडम. जाहिरातीत कोणी खरं शोधतं का?"

"सिनेमा चांगला आहे म्हणालात तर ती जाहिरात," ती म्हणाली. "माणसं आली म्हणालात. माणसं आली नव्हती. आली त्यांना तुम्ही दारातून घालवलंत."

तो हसला. तिचा पुढचा करार टेबलावरच होता. तिला मिळणारे पैसे दुप्पट झाले होते, तेही याच आकड्याच्या जोरावर, हे त्याने अगदी हळुवारपणे लक्षात आणून दिलं. मग त्याने विचारलं की तिला नक्की त्रास कशाचा होतोय.

"मला लोकांनी बघायला हवं होतं."

"बघितलं असं सगळ्यांना वाटतंय की. फरक काय पडतो?"

फरक काय पडतो हे ज्या माणसाला सांगावं लागतं त्याला काय सांगायचं. ती उठली. लिफ्टची वाटही न बघता जिन्याने खाली उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर तिला सगळी उत्तरं एकदम सुचली. ती मोठ्याने बोलत चालली. समोरून येणारे लोक बाजूला होत होते.

संध्याकाळी ती सरांकडे गेली. नुसतं फोनवर सांगणं तिला जमलं नसतं. सरांची कालच्या हाउसफुलची गोष्ट तोवर जिन्यातल्या प्रत्येकाला सांगून झाली होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी तर तिला दारातच गाठून अभिनंदन केलं. आत जाऊन तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे मला जागा होती," सर म्हणाले.

"हो सर."

त्यांचा चेहरा असा उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता. या माणसाने आयुष्यभर रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटकं केली होती, कधी पंधरा माणसं, कधी सात, आणि कधी कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. उलट सात असली की सात म्हणायचे आणि त्या सातांसाठी जीव तोडून करायला लावायचे. त्यांचा आनंद एक दिवस टिकला होता, आणि तोही बनावट निघाला. तिने तिथल्या तिथे ठरवलं. त्यांना एवढंच म्हणाली की उद्या दुपारी तयार राहा, ताई घ्यायला येईल.

दुसऱ्या दिवशी ती थिएटरच्या तिकीट खिडकीजवळ उभी राहिली. रुमाल नाही, चष्मा नाही. लोक येत होते, बोर्ड बघत होते, चुकचुकत होते, परत फिरत होते. ड्यूटी संपवून आलेल्या दोन नर्स. आपल्या आईला घेऊन आलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ. कॉलेजातली टोळी. बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक बाई, जिला बहुतेक फक्त पाय मोकळे करून कुठेतरी बसायचं होतं. ती प्रत्येकाला थांबवत गेली. थोडं थांबा, जागा आहे. लोकांनी तिला ओळखलं, मग काही केल्या जाईनात. तेवढ्यात टॅक्सीतून ताई आणि सर उतरले. सर काठी टेकत आले आणि त्याच पायरीवर बसले.

मॅनेजर बाहेर आला. तिने त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

"आतल्या खुर्च्यांचे पैसे तुम्हाला मिळालेत?"

"मिळालेत."

"त्यावर बसायला कोणी येणार आहे?"

त्याने नाही अशी मान हलवली.

"मग यांना बसू द्या. कंपनीचं काही नुकसान होत असेल तर लावा फोन, विचारा त्यांना."

त्याने खिशातून फोन काढला. हातात धरून उभा राहिला. तो तरी विचारणार काय होता, रिकाम्या खुर्च्यांवर माणसं बसवू का म्हणून? त्याने पायरीवर बसलेल्या सरांकडे पाहिलं, फोन खिशात घातला आणि दरवानाला म्हणाला की दारं उघड, आणि हवेचं यंत्र चालू कर.

थिएटर काही भरलं नाही. पुढचा निम्मा भाग रिकामाच राहिला. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. कॉलेजच्या टोळीतला एक जण सारखा फोन बघत होता. मध्यंतरानंतर दोघं-तिघं परत आले नाहीत. जाताना एकजण फार संथ आहे म्हणाला, तिच्यासमोरच. एका ठिकाणी, जिथे कुणाला हसू येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, तिथे पिशव्यांची बाई खो खो हसली आणि मग सगळेच हसले. आणि त्या अवघड प्रसंगाला कोणी हललं नाही. खुर्ची करकरली नाही. तिचा राग गेला नव्हता, पण आता त्याच्या खाली पाय टेकायला जागा होती.

बाहेर आल्यावर सर म्हणाले की मधल्या भागात तू जास्त केलंस, उगाच हात हलतो तुझा. शेवट मात्र बरोबर आहे. आणि टॅक्सीत बसताना त्यांनी तिचा तो हात धरून ठेवला.

आता धाकट्या मालकांनी काय करावं? कोणीतरी दारातला प्रसंग फोनवर टिपला होता, तो सगळीकडे फिरला. कंपनीने दुसऱ्याच दिवशी बातमी सोडली की हाउसफुलमुळे परत जाणाऱ्या चाहत्यांना नायिकेने स्वतः आत नेऊन बसवलं. तिच्या थोबाडीत मारलेलं तिने एक वेळ सोसलं असतं. तिचा राग उचलून त्यांनी त्याचीच जाहिरात केली होती. तिने तीन वार्ताहरांना घरी बोलावलं आणि थिएटर रिकामं होतं, हे सरळ सांगितलं. दोघांनी छापलंच नाही, एकाने आतल्या पानावर चार ओळी दिल्या. मग वकिलाची नोटीस आली. तिचा पुढचा सिनेमा दुसऱ्या नटीला गेला. ओळखीचे नट-नट्या फोन करून सांगत की बरोबर केलंस, आणि लगेच विचारत की मी फोन केल्याचं तू कुणाला सांगणार नाहीस ना. मॅनेजरने दुपारचे खेळ कंपनीला विकणं बंद केलं, तर कंपनीने त्याला नवा सिनेमा देणं बंद केलं. तो जुने सिनेमे लावून कसाबसा तग धरून राहिला.

तिने सरांच्या जुन्या मंडळींबरोबर नाटकाच्या तालमी सुरू केल्या. आणि एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. पेपरात कुठल्याही सिनेमाच्या कमाईची बातमी आली की ती त्या पेपरात फोन करायची, बातमी लिहिणाऱ्याला मागून घ्यायची आणि विचारायची की हे कोणी मोजलं. तुम्ही मोजलं? मग कोणी? कंपनीने सांगितलं आणि तुम्ही लिहिलं, तर तसं लिहा. काहींनी फोन आपटले. काहींनी तिचा नंबर बंद केला, तेव्हा ती बहिणीच्या फोनवरून लावायची. तिच्या आवाजात ना गयावया असायची ना आरडाओरडा, पण ऐकणाऱ्याच्या कानाला चटका बसेल असं काहीतरी असायचं.

पावणेदोन महिन्यांनी एका पेपरात एका नव्या सिनेमाच्या आकड्यापुढे चार शब्द जादा आले. 'असं कंपनीचं म्हणणं आहे.' तिने ते बहिणीला वाचून दाखवलं. बहिणीने मशीनवरून मान वर केली.

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली, आणि दुसऱ्या पेपरचा नंबर लावला.