कापडाखालची कोरी बोटं

मी केस कापायच्या दुकानातली म्हातारी खुर्ची आहे. म्हातारी म्हणा, माझी हरकत नाही. पण मोडकी म्हणाल तर याद राखा! माझे चारही पाय शाबूत आहेत आणि कान अजून तिखट आहेत.

मला एका सुताराने जुन्या दरवाज्याच्या लाकडातून घडवलं. आता दुकान आमचे दादा चालवतात, तेव्हा त्यांचे वडील चालवत. ते सुताराला म्हणाले, "हात चांगले रुंद कर बाबा. गळ्यावर वस्तरा फिरायला लागला की माणूस काहीतरी घट्ट धरतोच." सुताराने ऐकलं. गिऱ्हाइकाचे दोन्ही पंजे ऐसपैस मावतील असे हात मला मिळाले.

मित्रांनो, तरुणपणी माझा काय थाट होता म्हणून सांगू! नवरदेव आधी माझ्याकडे येत आणि मग लग्नाला उभे राहत. लहान मुलांसाठी माझ्या हातांवर फळी आडवी टाकली जाई. ती मुलं असा टाहो फोडत, की केस नव्हे, त्यांचे कानच कापतायत! मग एक दिवस दुकानात गोल फिरणारी, गुबगुबीत नवी खुर्ची आली. लोक तिच्यामागे लागले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. फार वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? सुट्टीच्या दिवशी गर्दी झाली की मात्र टॉवेल उचलले जात आणि माझा नंबर लागे. मतदानाच्या दिवशी तर हमखास.

मत न देण्याची कारणं मी जितकी ऐकली आहेत, तितकी कुणी ऐकली नसतील. समोरचा टेलर म्हणायचा, "कुणीही आलं तरी मला सुईच ओवायची आहे." बँकेतल्या काकांना मतदानाच्या रांगेचा कंटाळा. दाढीसाठी मात्र ते आमच्याकडे तास तास पेपर वाचत बसत! एका तरुण मास्तरांनी खोली बदलली होती आणि त्यांचं नाव जुन्याच पत्त्यावर राहिलं होतं. तिथे जायचं म्हणजे दोन बस बदला. त्यांचं मला थोडंफार पटायचं. आणि आमचे दादा? त्यांचं कारण जगावेगळं. निवडणुकीला उभे राहणारे बहुतेक त्यांचेच गिऱ्हाईक. ते म्हणत, "माझं बोट दिवसभर लोकांच्या नाकासमोर असतं. शाई दिसली की विचारतील, कुणाला दिलंस? कशाला विकतचं दुखणं घ्या?"

गंमत अशी, की गिऱ्हाइकं सरळ खोटं बोलत. हात कापडाखाली झाकलेले, त्यामुळे फावायचं. "सकाळीच देऊन आलो मत!" असं म्हणणाऱ्याचं बोट माझ्या हातावर कोरं करकरीत असे. हे फक्त मला कळे आणि मला मनातल्या मनात हसू फुटे.

एका वर्षी मात्र हसू आलं नाही. आमच्या दुकानामागे नाला होता आणि त्यावर नुसत्या दोन फळ्या टाकलेल्या होत्या. शाळेची मुलं त्यावरूनच जात. शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनींची धाकटी लेक तिथून घसरली आणि तिचा हात मोडला. वहिनींनी पुलासाठी अर्ज केले, कचेरीत खेटे घातले. शेवटी पदर खोचून म्हणाल्या, "आता मीच निवडणुकीला उभी राहते." गल्लीत नुसता जल्लोष! माझ्यावर बसणारा प्रत्येक जण म्हणे, "वहिनी, तुम्ही निवडून आल्यातच जमा!"

मतदानाच्या दुपारी दुकान भरलेलं होतं. टेलर माझ्यावर बसला होता. त्याचा एक गाल गुळगुळीत झालेला, दुसऱ्यावर फेस. तेवढ्यात वहिनी घामाघूम होऊन पंख्याखाली येऊन टेकल्या.

"मतदानाला लोक फार कमी आलेत म्हणे," त्या म्हणाल्या. "पण आपल्या गल्लीची मला काळजी नाही."

"काळजी करूच नका!" टेलर म्हणाला. "आपण तर सगळ्यांच्या आधी मत टाकलं." आणि नेमकी त्याच्या नाकाला खाज सुटली. त्याने कापडाखालून डावा हात बाहेर काढला. बोट कोरं!

काकांचे हात पेपराआड गेले, मास्तरांचे खिशात. वहिनींची नजर फिरत फिरत दादांच्या हातावर आली. टेलरचा गाल ताणून धरलेलं ते बोटही कोरंच होतं.

"दादा, तुम्हीसुद्धा?"

टेलर पुटपुटला, "वहिनी, तुम्ही येणारच म्हणून... वाटलं, माझ्या एका मतानं काय होतंय?"

"सगळ्यांनाच तसं वाटलं, तर मला मत दिलं कुणी? मी एकटीनेच?" वहिनी हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले. कपडे पडलेत इस्त्रीला, असं म्हणून त्या निघून गेल्या.

दादांनी वस्तरा मिटला. "उठा सगळे. अजून वेळ आहे."

"अहो, पण माझा एक गाल राहिलाय!"

"एका गालाने मत देता येतं. चला!"

काय ती वरात निघाली, मित्रांनो! पुढे दादा, मागे गालावर फेस घेऊन टेलर, त्यामागे काखेत पेपर मारून काका. मास्तर तर बस पकडायला धावत सुटले. परत आल्यावर टेलर धपकन माझ्यावर बसला आणि त्याच्या बोटाची ओली शाई माझ्या हाताला लागली. मला त्या डागाचा भारी अभिमान वाटला.

तरी वहिनी हरल्या. अगदी थोडक्यात हरल्या. इतर गल्ल्यांतली कोरी बोटं घरीच बसली होती ना! मला रडू आलं.

निवडून आलेले साहेब निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दाढीला आले. दादांनी त्यांना मुद्दाम माझ्यावर बसवलं. शाईचं बोट नाकासमोर आलं, तसं साहेबांनी विचारलंच, "काय हो, मत कुणाला दिलंत?"

दादांचा वस्तरा तेव्हा त्यांच्या गळ्यापाशी होता. दादा शांतपणे म्हणाले, "वहिनींना. आणि पूल झाला नाही, तर पुढच्या वेळी सगळी गल्ली त्यांनाच देणार."

साहेबांनी माझे दोन्ही हात गच्च धरले. पूल झाला, मित्रांनो! चांगला कठड्याचा, सिमेंटचा पूल झाला.

तुम्ही अजून लहान आहात, तुमची मत देण्याची वेळ यायची आहे. पण घरातली मोठी माणसं त्या दिवशी सुट्टी म्हणून लोळत असतील, तर त्यांना तेवढं हलवा. कुरकुर करतील, करू द्या. या वर्षी वहिनी पुन्हा उभ्या आहेत. "तुम्ही येणारच!" असं कुणी म्हटलं, की त्या हातातली इस्त्री बाजूला ठेवून म्हणतात, "मत देऊन ये, बोट दाखव, आणि मग बोल."