पांढरा खडक झाकला तेव्हा

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या गावात बाया समुद्राकडे बघायच्या त्या होड्या मोजायला. मारिवॉन तीन वर्षं नुसते रंग बघत बसली होती, मग गावाने नावं ठेवायची संधी कशाला सोडावी? "समुद्र जांभळा आणि वाळू गुलाबी? ताई, मोतीबिंदू झालाय तुला," तिचा धाकटा भाऊ तांगी म्हणायचा.

उद्या तिचं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनाला निघणार होतं. दारापेक्षा जरासंच लहान. सगळी खाडी त्यात, सपाट रंगांचे मोठे तुकडे आणि भोवती जाड निळी रेघ, चित्रकलेच्या दलोर्म मास्तरांनी शिकवलेली. चित्र तिथे लागलं तर सार्डिनच्या कारखान्यात माशांची मुंडकी उडवणं कायमचं सुटणार होतं.

एक खडक तेवढा नडत होता. खाडीच्या तोंडाशी असलेला तो खडक तांगी दर वसंतात चुन्याने रंगवायचा. तो पांढरा ठिपका आणि मागच्या टेकडीवरचा चर्चचा मनोरा एका रेषेत धरला, की होडी पाण्याखालचे कातळ चुकवून आत येते.

"तो चुना सगळं चित्र खातोय," मास्तर सकाळी किनाऱ्यावर चित्रासमोर उभे राहून म्हणाले. "डोळे दिपले तर बाकीचे रंग कसे दिसणार? झाक त्याला."

ओहोटी होती. मारिवॉनने जुनं तपकिरी शीड नेऊन खडकावर करकचून बांधलं. तांगीची धरून समुद्रात गेलेल्या तीनही होड्या संध्याकाळी येणार, पाणी चढायच्या आत सोडू की, असा तिचा विचार. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या बाईने असं करावं म्हणजे कहर झाला. पण समुद्राचा खालचा तुकडा त्या दिवशी पहिल्यांदाच मनासारखा जमत होता.

तिने मान वर केली तेव्हा वारा फिरला होता. खडकाभोवती लाटा फुटत होत्या आणि खाडीबाहेर तीन शिडं घुटमळत होती. ती धावत पाण्यात शिरली. दुसऱ्याच लाटेने तिला दगडगोट्यांवर आपटलं.

"नको जाऊस, मरशील," मास्तरांनी तिला ओढून काढलं.

"तांगी आहे तिकडे. त्याला खूण दिसत नाहीये, मास्तर."

पांढरी चादर आणायची तर गाव अर्ध्या कोसावर. तिचा झगा काळा, मास्तरांचा सदरा निळा, पांढरी अशी फक्त तिच्या डोक्यावरची वीतभर टोपी. तिची नजर रंगांच्या पेटीकडे गेली. दोन मोठ्या नळ्या, पांढऱ्या.

"मारिवॉन, ते चित्र उद्या जायचंय."

तिने नळ्या चित्रावर पिळल्या आणि दोन्ही हातांनी रंग फासायला सुरुवात केली. चित्रातल्या ओल्या समुद्रावर तो फिकट जांभळा होत होता. तिने आणखी जाड थापला. जमलेला तुकडा बोटांखाली गेला तेव्हा तिला रडू फुटलं, पण हात थांबले नाहीत. मग चित्र उचलून ती चढावर धावली. मनोरा पाठीशी, खडक बरोबर समोर. ती रेघ तिने तीन वर्षं काढली होती. तिथे उभं राहून तिने ते डोक्यावर धरलं.

पहिलं शीड वळलं, रेषेत आलं, आत घुसलं. तांगीचं. त्याच्या मागोमाग दुसरं.

तांगी निथळत वर आला. "खूण झाकली कुणी?"

"मी."

त्याने हात उगारला. ती हलली नाही; चित्र धरलेले तिचे हात वरच होते.

मास्तर रंग खरवडायची सुरी घेऊन मध्ये आले. "तुझा भाऊ आला ना? आण इकडे. कालचा रंग अजून चिकट आहे, पांढरा मुरला की संपलं. आत्ता खरवडलं तर वाचेल."

वाचलं असतं. तिला ते कळत होतं. तिने खाडीबाहेर पाहिलं.

"अजून एक होडी आहे," ती म्हणाली.

तांगीने उगारलेला हात खाली घेतला आणि चित्राचं दुसरं टोक धरलं.

"ताई," तो म्हणाला, "जरा डावीकडे."