खोटी साक्ष देणारा हँडब्रेक

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा हँडब्रेक आहे. दोन सीटांच्या मधला, काळ्या मुठीचा दांडा. माझ्या टोकाला एक बटण आहे आणि पोटात एक छोटा खटका. मला वर ओढलं की हा खटका दातेरी पट्टीत अडकतो, मागची चाकं धरली जातात आणि गाडी जागची हलत नाही. माझं काम एवढंच. आणि एवढंही मला धड जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मनात ठेवलं तर जास्त बोचतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे दात चांगले धारदार होते. पुष्कळ वर्षं एका डॉक्टरीणबाईंकडे इमानेइतबारे राबलो. मग गाडी विकली गेली आणि मी एका घड्याळजींच्या घरी आलो. चढावरच्या गल्लीत खाली त्यांचं दुकान आणि वर घर.

घड्याळजींचा सगळा भरवसा कानावर. घड्याळ कानाला लावून ते त्याचं दुखणं ओळखायचे. मलाही त्यांनी तोच न्याय लावला. "बटण दाबून ओढायचं नाही," ते घरात बजावत, "आवाज ऐकायचा. सात आले की ब्रेक लागला समजा." मग कट्, कट् करत मी सात वेळा वाजायचो. शेजारी म्हणायचे, "काय सुरेख वाजतो हो!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो. खरं तर त्या प्रत्येक आवाजाबरोबर माझा दात झिजत होता. बटण दाबून ओढलं असतं तर एवढी झीज झाली नसती. हे मला कळत होतं. पण कौतुक कुणाला नको असतं?

एका दुपारी घड्याळजींची मुलगी आईला दवाखान्यातून घेऊन आली. तिने दारात गाडी उभी केली, मला ओढलं, पुटपुटत सात मोजले आणि आईचा हात धरून आत गेली. इतक्यात शेजारून मालाने भरलेला ट्रक गेला. गाडी हादरली, माझा खटका गुळगुळीत दातांवरून निसटला आणि मी धपकन खाली पडलो. गाडी मागे घसरत सुटली. उताराच्या तळाशी शिंपीकाका दुकानाच्या पायरीवर बसून काजं करत होते. त्यांनी पाय वर घेतले म्हणून वाचले. पायरीचा कोपरा उडाला आणि गाडीचा मागचा दिवा फुटला.

घड्याळजी धावत आले. दार उघडून बघतात तर मी खाली.

"ब्रेक ओढलाच नाहीस तू!"

"ओढला होता, बाबा. सात मोजले मी."

"मग हा काय आपोआप खाली आला? चूक ती चूक, वर खोटं बोलतेस?"

मित्रांनो, मी आपोआपच खाली आलो होतो. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिची बाजू घेऊ शकेल असा तिथे मी एकटाच होतो, आणि मीच तिच्याविरुद्ध साक्ष देत पडलो होतो. घड्याळजींनी तिच्या हातातली चावी काढून घेतली. त्यानंतर तीन महिने ती आईला दवाखान्यात पायी नेत होती, आणि जाता-येता गाडीकडे बघत नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

मग दिवा बसवायला मिस्त्री आला. जाता जाता त्याने मला ओढून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ब्रेकला काही झालेलं नाही," घड्याळजी म्हणाले, "पोरगीच विसरली होती." मिस्त्रीने गाडीखाली शिरून केबल तपासली. ती शाबूत होती. चाकं काढून आतले, चाक घासून धरणारे लायनर पाहिले, तेही जाड होते. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमच्या हाताने लावा बघू."

घड्याळजींनी सात मोजून मला ओढलं. मिस्त्रीने बाहेरून गाडीला दणका दिला. मी खाली पडलो.

"परत लावा."

मी परत पडलो. तिसऱ्यांदाही पडलो. मिस्त्रीने माझं झाकण काढलं. "दात बघा. बिनबटणाचं ओढायला कुणी शिकवलं घरात?"

"मीच," घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

नवी पट्टी आली, नवा खटका आला. घड्याळजींनी चावी मुलीपुढे धरली. "चुकलं माझं," ते म्हणाले. तिने चावी घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्याला बटण दाबून ओढा, आणि वर्षातून एकदा झाकण काढून आमचे दात बघा. वाजणारी वस्तू काम करतेच असं नाही. आणि वस्तूत आणि माणसात खरं कोण, असा प्रश्न पडला, तर आधी वस्तू उघडून बघा.

आता मी घट्ट धरतो. पण गाडी उभी केली की मुलगी खिडकीतून हाक मारते, "बाबा, जरा या. ब्रेक लावलाय, बघून घ्या." पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "अगं, आता कशाला?" ती म्हणाली, "नाही, बघून घ्या." तेव्हापासून हातातलं घड्याळ तसंच ठेवून ते प्रत्येक वेळी येतात, वाकून माझ्याकडे बघतात. मुलीकडे बघत नाहीत.

"लावलायस," ते म्हणतात. मगच ती गाडीतून उतरते.