यानिरिसचा आवाज मी गल्लीभर केला

“यानी, नवऱ्याला सांगायचं ते त्याच्या कानात सांग. फोनमधलं बोलणं कुठून बाहेर पडेल नेम नाही,” दुकानाची मालकीण दोन्या नेरेइदाने बजावलं होतं आणि माझ्या डोक्यावर एक थापटी मारली होती. यानिरिस हिरवी केळी निवडत हसली. “आठवडाभर तो तिकडे हॉटेलात कामाला, मी इथे. बोलायचंही नाही होय? त्याला आवडतं, मलाही आवडतं.”

मित्रांनो, ती थापटी खाणारा मी, दोन्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला जुना स्पीकर. जाळीला पोचे पडलेत, पण आवाज अजून बंदरापर्यंत जातो. रविवारी दुकानाच्या दारात डोमिनोचा डाव मांडतात. ज्याची पाळी त्याचा फोन मला जोडायचा, त्याचीच गाणी लावायची. सगळे माझं कौतुक करायचे. मीही फुगायचो.

गेल्या रविवारी पाळी होती यानिरिसच्या नवऱ्याची, एउदिसची. गाणं संपलं तोच तिच्या आवाजातला निरोप आला. एउदिसने सवयीने तो लावला. फोन अजून मला जोडलेलाच होता.

“बाळ झोपलंय. ये ना रे. शर्टाची बटणं मी काढणार, एकेक करून. तू हात लावायचा नाहीस. मग मानेपासून खाली...”

एउदिसचा अंगठा बंद करायला गेला होता. मी पाहिलं. पण डावातला त्याचा मित्र चेलो म्हणाला, “राहू दे की रे. बटणं किती ते आम्हालाही कळू दे.” सगळे खिदळले. एउदिसही हसला आणि त्याने अंगठा मागे घेतला. पुढचं सगळं गल्लीने माझ्या तोंडून ऐकलं.

मला त्या शब्दांचा राग नाही. ते गोड होते आणि एकाच माणसासाठी होते. राग त्या अंगठ्याचा आहे. एउदिसच्या पाठीवर थापा पडल्या, “वाघ आहेस.” तिचं नाव पडलं ‘बटणवाली’. तिची लाज काढणाऱ्यांनी शेवटपर्यंत एक शब्द चुकवला नव्हता.

दोन्याने माझी वायर उपटली. सोमवारी एउदिस कामावर गेला. यानिरिस दुधालाही आली नाही. दोन्या दोनदा दारापर्यंत जाऊन आली. आतून “नको” एवढंच आलं. आज गुरुवार. दोन्या दुखरे गुडघे धरून बसलीय आणि सकाळपासून बाळाचा आवाज नाही.

मित्रांनो, मला पाय नाहीत. समोरचं निळं दार आहे ना, तिथे दूध घेऊन जा. रविवारचं काही बोलू नका. ती दार उघडेपर्यंत मात्र हलू नका.