बारा आऱ्यांचं चाक

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या त्या दिवशी विरूपाक्ष मोटारसायकलवर बसून सटवाजी सुताराच्या दारात आला. घरणी नदीच्या पात्रात तेव्हा पोरं गोट्या खेळत होती. गावाच्या तोंडी दोनच गोष्टी होत्या, टँकर कधी येतो आणि लातूरचा जिल्हा कधी होतो. जिल्हा ऑगस्टात होणार हे नक्की झालं होतं. टँकरचं काहीच नक्की नव्हतं.

"मिस्त्री, आप्पांनी बोलावलंय," विरूपाक्ष गाडीवरून न उतरताच म्हणाला. "मोटारीचं काम हाय."

सटवाजीच्या हातातला लाकूड तासायचा वाकस हातातच राहिला.

त्या गावात मोटार एकच. विरूपाक्षाचे चुलते गुरुपादप्पा, म्हणजे आप्पा; त्यांच्या वडिलांनी, मोठ्या आप्पांनी, ती निजामाच्या राज्यात हैदराबादेहून आणलेली. पितळी दिव्यांची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीपासून ती मळ्यातल्या पत्र्याच्या गोदामात विटांवर उभी होती. तिचं एक चाक मोडलं होतं, आणि ते चाक केलं होतं सटवाजीच्या बापानं.

बाप ग्यानोबा म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा राजा. मोटारीचं चाकही त्यानं बैलगाडीसारखंच केलं. मधे बाभळीचा जाडजूड तुंबा घेतला, तुंब्यात आरे ठोकले. ओढ्यापाशी ते फुटलं. मोठ्या आप्पांनी ग्यानोबाला बोटसुद्धा लावलं नाही. फुटक्या चाकाचं कडं त्याच्या गळ्यात घातलं आणि सोमवारच्या बाजारातून त्याला फिरवलं. लोक हसले. न हसण्याची छाती कुणाची होती? सात वर्षांचा सटवाजी बापाचं धोतर धरून मागं मागं चालला होता. त्यानंतर ग्यानोबा अकरा वर्षं जगला, शेकड्यांनी चाकं केली, पण मेला तो 'गळ्यातलं चाक' या नावानं. अजून कुणी म्हातारा भांडणात सटवाजीला म्हणायचा, "जा रे, गळ्यातल्या चाकाच्या पोरा."

गोदामात आप्पा खाटेवर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात पंखा.

"सटवा, जिल्हा होईल त्या दिवशी ही मोटार लातुरात मिरवायची. नांदेडचा मेकॅनिक येऊन गेला. इंजिन चालतंय म्हणतो. टायरं हैदराबादहून यायलीत. चाकाचं लाकूड तेवढं वाळवीनं खाल्लं. चारी नवी पाहिजेत. जमंल?"

सटवाजी मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. बोटानं माती खरवडली. वाळवीनं आरे पोकळ केले होते, पण आकार शाबूत होता. त्यानं आऱ्यांची बुडं चाचपली. या चाकाला तुंबाच नव्हता. बारा आरे, आणि प्रत्येकाचं बूड पाचरीसारखं तासलेलं. बारा पाचरी एकमेकींना भिडून मधला गड्डा आपोआप तयार झालेला, वरून नुसत्या दोन लोखंडी तबकड्या आवळलेल्या, त्यांतली एक मेकॅनिकनं काढून ठेवलेली. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं आणि सगळ्यांनी सगळ्यांना धरलं होतं. बापाला हे कुणी दाखवलं नव्हतं. मोडकं चाक फेकून दिल्यावर त्याला बोलावलं होतं, आणि बाकीच्या चाकांचा गड्डा तबकड्यांखाली झाकलेला होता.

"जमंल, आप्पा."

"तुझ्या बापानंबी असंच म्हटलं हुतं."

कोपऱ्यातले दोन गडी हसले.

सटवाजी उठून उभा राहिला. "मजुरीचं काय ते तुमी बघा. माझं मागणं येकच. मोटार निघंल त्या दिवशी चारचौघांत सांगायचं, चाकं ग्यानोबाच्या सटवानं केली म्हणून."

"सांगू की. तोंडाला काय ओझं हाय?"

"आन् धाव चढवायला पाणी लागंल. चाकामागं चार-पाच टिपाडं. पह्यलं आमी घरणीच्या काठाला चढवायचो. आता घरणी..."

"पाणी येईल," आप्पा म्हणाले. "तू चाकाचं बघ."

कुठून येईल, ते सटवाजीनं विचारलं नाही.

त्याच्या माळ्यावर तिवसाचं चिवट लाकूड होतं. किनवटच्या जंगलातलं, कंधारच्या मेव्हण्यानं कधीकाळी पाठवलेलं, वीस वर्षं चुलीचा धूर खाऊन काळं-तांबडं झालेलं. अख्ख्या शिवारात आता टायरच्या गाड्या आल्या होत्या. लाकडी चाक कुणी सांगत नव्हतं. त्या लाकडाचं आपल्या मागं सरपण होणार, अशी त्याची खात्री झाली होती. गुणाबाईनं शिडी धरली, त्यानं एकेक ओंडका खाली दिला. तिनं तो लेकरू उतरवून घ्यावं तसा घेतला.

"येवढं चांगलं लाकूड त्या मेल्यांच्या मोटारीला," ती म्हणाली.

"मोटारीला न्हाई गं. बाच्या गळ्यातलं काढायचंय."

तिनं पुढच्या ओंडक्यासाठी हात वर केले.

अकरा आरे कसेही बसतात. चाकाचा खरा जीव बाराव्यात. प्रत्येक पाचरीत सुताभर फरक राहिला तर बाराव्याला जागा उरत नाही, नाहीतर नको इतकी उरते. पहिल्या चाकाचा बारावा आरा त्यानं पाच वेळा तासला आणि पाचही वेळा चुलीत घातला. सहावा जागेत गेला. हातोडीच्या एका टोल्यानं गेला, आणि चाक टणकन वाजलं. पुनर्वसूचा तरणा पाऊस आला नव्हता. पुष्याचा म्हाताराही आला नाही. सटवाजीला नक्षत्रं कळेनाशी झाली होती. त्याचं नक्षत्र बारा आऱ्यांचं.

आठ ऑगस्टला चारी लाकडी चाकं तयार झाली. राहिली धाव. सुतार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टी चढवतो ती धाव. मोटारीच्या चाकालाही तसंच लोखंडाचं कडं होतं, वर टायर बसायचं. रीत तीच. कडं लाल तापवायचं, की ते मोठं होतं. चाकावर घालायचं, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. कडं आवळतं आणि चाकाचा जन्म होतो. या घरचा दस्तूर असा, की पहिली घागर सुतारणीनं ओतायची, ओवी म्हणून:

तापलं गं लोखंड, गार कर गंगाबाई
लाकडाच्या लेकराला चटका लागू द्यायचा न्हाई.

चाळीस वर्षांत गुणाबाईची घागर कधी चुकली नव्हती.

सकाळी अंगणात गोवऱ्यांची आहारं, जाळाचे ढीग, पेटली. चारी कडी त्यात. समोर रस्त्यापलीकडं गल्लीचा हौद होता, आणि हौदापाशी पहाटेपासून बायांची रांग. पाच दिवसांनंतर आज टँकर येणार होता. रांगेत पहिली गुणाबाई. तिच्यामागं शेजारची साखराबाई. तिची सून बाळंत होऊन अकरा दिवस झालेले, घरात अंग धुवायला पाणी नाही.

ट्रॅक्टर आला. मागं टाकी हेलकावत होती. हौदापाशी तो थांबला नाही. वळला, आणि सटवाजीच्या अंगणात शिरला. मडगार्डावर विरूपाक्ष बसला होता. टँकरचं कंत्राट त्याचंच.

बाया घागरी घेऊन मागं धावत आल्या.

"आधी चाकाला," विरूपाक्ष खाली उतरत म्हणाला. "उरलं तर तुमचं. आन् उभ्या काय राहिल्यात? ओता. जेवढं लवकर गार हुईल तेवढं उरंल."

सटवाजीनं ऐकलं. पहिलं कडं लाल झालं होतं, जास्वंदीच्या फुलासारखं. "न्हाई" म्हणायचं तर एवढंच करायचं होतं, की कडं आहारातच राहू द्यायचं. पुन्हा कधी तापवता आलं असतं. आठ दिवसांनी जिल्हा होता. तो गड्यांना म्हणाला, "उचला."

तिघांनी सांडशीनं कडं उचललं, चाकावर टेकवलं. धूर आला. जाळ आला.

"गुणा, वत."

गुणाबाई रिकामी घागर कडेवर घेऊन उभी होती. "कुणाचं पाणी हाय हे?"

"लाकूड जळायलंय गं."

"म्या इचारलं, कुणाचं हाय?"

तिनं घागर जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर बसली. सटवाजीनं दुसऱ्या कुणाची घागर हिसकली, तोटीखाली धरली आणि स्वतःच ओतली. चर्रर आवाज झाला. ओवी कुणी म्हटली नाही.

मग बाया ओतायला लागल्या. करतात काय? जी उभी राहील तिच्या वाट्याला उरलेलंही येणार नव्हतं. साखराबाईनं बारा घागरी ओतल्या. मोजून ओतल्या, तोंडानं आकडा म्हणत, म्हणजे हिशेबाला खोटं नको. पाणी लोखंडावर पडे, वाफ होऊन त्यांच्या तोंडावरून वर जाई. खाली पडे ते भेगाळलेली जमीन गटागटा पिऊन टाकी. तिसऱ्या चाकाला बाया पळत होत्या. चौथ्याला तोटीतून बोटाएवढी धार आली, मग नुसती हवा.

"झालं," विरूपाक्ष म्हणाला. "आता शुक्कीरवारी."

बाया चाकाभोवती बसल्या. राखेच्या काळ्या चिखलात कुठं कुठं वाटीभर पाणी साचलं होतं, ते लुगड्याच्या पदरानं टिपून घागरीत पिळायला लागल्या. साखराबाईनं घेतलं नाही. ती उभी राहून सटवाजीकडं बघत होती.

सटवाजी चौथ्या चाकावर वाकला होता. हातोडीनं एकेक आरा ठोकून बघत होता. बारा टोले, बाराही एका सुरात. त्या घडीला तो सुखी होता, हे लपवून काय उपयोग? त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुरानं नव्हतं.

"दाजी," साखराबाई म्हणाली, "चाक गोल झालं का?"

त्यानं मान वर केली.

"न्हाई, इचारलं. आमच्या सुनंला सांगायचंय. म्हनावं, तुझं न्हाणं न्हाई, पर चाक गोल झालंय."

एवढंच. भांडण झालं नाही. शुक्रवारी टँकर आला तेव्हा रांगेत गुणाबाईच्या घागरीला कुणी जागा दिली नाही; हाकललंही नाही. घागरी एकमेकींना चिकटून राहिल्या, जशा पाचरी चिकटतात. ती रिकामी घागर घेऊन घरी आली, गठुळं बांधलं.

"कंधारला जाते. भावाकडं."

"तीन दिस थांब. मोटार निघू दे. नाव निघंल, मग लोकबी..."

"चाक लई देखणं झालं," गुणाबाई म्हणाली, आणि ते तिनं खरंच म्हटलं. "तुमी बसा त्याच्याजवळ. तुमाला दुसरं कुनी लागत न्हाई." ती एसटीला गेली.

जिल्ह्याच्या दिवशी सटवाजी धुतलेलं धोतर नेसून लातूरला गेला. मैदानात मंडप, ताशा, फेटे. आभाळ पांढरंफटक. मोटार कडेला उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. चारी चाकांना तेलपाणी केलेलं. तिवसाचा तांबूस रंग उन्हात घोड्याच्या पाठीसारखा चमकत होता. सटवाजी गर्दीतून वाट काढून मागच्या चाकापाशी गेला. विरूपाक्षानं त्याचा दंड धरला.

"मिस्त्री, आज तोंड उघडू नको. तुझ्या गल्लीतल्या बायांनी अंगठे लावून अर्ज दिलाय, टँकरचा. चाकं गावात झाली म्हटलं, की पाण्याचा इषय निघतो."

"आप्पांनी शबूद दिला हुता."

"आप्पा हैदराबादचं सांगायलेत. झालं की."

तेवढ्यात आप्पा एका साहेबांना घेऊन आले. नव्या जिल्ह्याचे कुणी साहेब, चष्मेवाले, मागं वही घेतलेला कारकून. साहेब चाकापाशी वाकले, आऱ्यावरून बोट फिरवलं.

"काय काम आहे हो! सांधा दिसत नाही कुठं. कुणी केलं?"

"कारखान्यात, साहेब. हैदराबाद."

सटवाजीनं दंड सोडवून घेतला. इतका म्हातारा माणूस, पण चाळीस दिवस तासलेला हात होता.

"न्हाई, साहेब. म्या केली. ग्यानोबा सुताराचा पोरगा म्या."

आप्पा दमभरही थबकले नाहीत. त्यांचा चेहरा तसाच हसरा राहिला, फक्त मान वळली. "हां, हाच तो, साहेब. म्या गरिबाचं नाव झाकत हुतो. टँकरचा अर्ज आलाय न्हवं तुमच्याकडं? पाणी यानंच मागितलं. माझा पुतण्या पडला भोळा, देऊन बसला. इचारा त्याला, मागितलं का न्हाई."

साहेबांनी चाकावरचं बोट काढलं. "मागितलं होतं का, बाबा?"

"चाकाला लागतंच पाणी," सटवाजी म्हणाला. "मागितलं."

साहेबांनी कारकुनाला खूण केली आणि ते मंडपाकडं निघाले. कारकुनानं वही मोटारीच्या मडगार्डावर टेकवली.

"नाव?"

"सटवाजी ग्यानोबा सुतार." त्यानं प्रत्येक शब्द सावकाश, ठोकून बसवावा तसा सांगितला. "बापाचं नाव नीट घाला, मालक."

"घातलंय."

"आन् पुढं ल्ह्या, ह्या मोटारीची चारी चाकं यानं केली."

"चाकांचं कशाला? अर्ज पाण्याचा आहे."

"वाचून तरी दावा."

कारकुनानं वाचलं, "'सटवाजी ग्यानोबा सुतार याने गल्लीच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर आपल्या अंगणात रिकामा करून घेतला व तसे सर्वांसमक्ष कबूल केले.' हां, इथं अंगठा."

सटवाजी वहीवर वाकला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यातला बाप कुठला आणि पाणी कुठलं, ते त्याला ओळखू येईना. त्यानं अंगठा लावला.

नांदेडच्या मेकॅनिकनं दांडा फिरवला. इंजिन खोकलं, धरलं. ताशा सुरू झाला.

"सरक आता बाबा," कारकून वही मिटत म्हणाला. "मोटार निघाली."

सटवाजी सरकला.