दोन अख्खे ऊस

मलेशियातल्या पिनांगची सियूलान अंबरनाथच्या मोरिवलीत नांदायला आली आणि गल्लीने तिची सुलनबाई करून टाकली. नवरा हिरामण जहाजावर कामाला होता, तिथल्याच बंदरात जीव जडला. तिची बोली होक्कियन. ती बोलणारं दुसरं माणूस अख्ख्या अंबरनाथात नाही! मग बोलणार कुणाशी, भिंतीशी? वर्षातून एकदा, माघातल्या नवमीला, ती आभाळातल्या देवाशी बोलायची. त्या दिवशी दारात टेबल मांडून दोन्ही बाजूंना अख्खे ऊस उभे करायचे, मुळासकट, पाल्यासकट. फार पूर्वी तिच्या लोकांच्या मागे मारेकरी लागले, तेव्हा सगळे उसाच्या फडात लपले आणि वाचले म्हणे. तो उपकार ते अजून विसरलेले नाहीत.

ऊस हिरामण आणायचा, उल्हासनगरच्या बाजारातून, रिक्षाबाहेर हातभर शेंडे काढून. शेजारची गयाबाई दरवर्षी विचारायची, "काय गं, तुळशीचं लग्न आत्ता?" हिरामण म्हणायचा, "आमचंच लावतोय पुन्हा!"

नव्वदच्या दिवाळीत हिरामण गेला. सुलनबाईच्या गुडघ्यांनी तर कधीच संप पुकारलेला. मुलगा मधू बदलापूरला फ्लॅटात. रविवारी घाईघाईत येऊन गेला, तेव्हा ती म्हणाली, "नवमीला ऊस आण रे, देवासाठी."

"आणतो गं."

"पाल्यासकट..." तोवर पठ्ठ्याने स्कूटरला किक मारलीसुद्धा. उसाची गोष्ट ऐकायला तो कधी बसला नाही. पोरं चिडवायची म्हणून आईची बोलीही त्याने तोंडात घेतली नाही, आणि तिनेही कधी जबरदस्ती केली नाही. आता ते मनाला फार लागायचं.

नवमीला तिने टेबल पुसलं, संत्री मांडली, दोन्ही बाजूंना सुतळी बांधून बसली. दिवस कलला. ऊस उभे राहिले नाहीत तर देवाशी कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि देवाशी नाही, तर मग कुणाशीच नाही.

स्कूटर थांबली. मधूने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली.

"रस आणलाय. ऊस कुठे चावणार तू? आलं-लिंबूही घातलंय बघ."

पोरगं कौतुकाची वाट बघत उभं होतं. तिला रागावताही येईना. तिने बाटली टेबलावर मधोमध ठेवली, उदबत्ती लावली आणि वर बघत आपल्या बोलीत म्हणाली, "देवा, ह्यात लपायचं कुठे रे?"

"काय म्हणालीस, आई?"

"काही नाही," ती मराठीत म्हणाली. "गोड मानून घे म्हटलं."